तीनशे सतराची वाट

आमच्या घरात शेताला नाव नव्हतं, आकडा होता. नदीकाठच्या काळ्या रानाचा सर्व्हे नंबर तीनशे सतरा, म्हणून त्या रानालाच सगळे तीनशे सतरा म्हणायचे. कुणी दारात येऊन वडिलांची चौकशी केली की आई चुलीपुढूनच सांगायची, "तीनशे सतरात गेल्यात." शाळेत अंक शिकवले त्याच्या कितीतरी आधी हा शब्द मला येत होता. तो आकडा आहे हे मात्र मला दुसरीत गेल्यावर कळलं. गुरुजींनी फळ्यावर ३१७ लिहून वाचायला सांगितलं आणि मी म्हणालो, "आमचं रान." सगळा वर्ग हसला होता.

मग नदीवर धरण झालं आणि गाव उठलं. आम्हाला बदली जमीन मिळाली ती कोल्हारच्या अलीकडे, मुरमाड, उताराची. वडिलांनी दोन वर्षं दगड वेचले, माती अडवायला ताली घातल्या, विहीर खणली. त्या जमिनीलाही सरकारी नंबर होता, पण तो आमच्या कुणाच्या तोंडी बसला नाही. ते 'नवं रान'च राहिलं. जुन्या रानाबद्दल वडील फारसं बोलत नसत. पत्र्याच्या पेटीत त्याचा जुना सातबारा घडी करून ठेवलेला होता, एवढंच.

त्याच सुमारास मी मॅट्रिक होऊन नगरला मोटार खात्याच्या कचेरीत कारकून म्हणून लागलो. अजून कायम झालो नव्हतो. माझ्या टेबलावर नोंदणीचं मोठं रजिस्टर असे. गाडी आवारात यायची, इन्स्पेक्टर इंजिनचा आणि चासीचा नंबर ताडून बघायचे, साहेब कागदावर सही करायचे आणि मग मी रजिस्टरात पुढच्या ओळीवर त्या गाडीला नंबर द्यायचा. तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडा. आदल्या गाडीला जो आकडा गेला त्याच्या पुढचा या गाडीला. यात माझ्या मनाचं काही नव्हतं आणि लोकांना तेच पटत नसे. कुणाला बेरीज नऊ हवी असे, कुणाला शेवटी शून्य नको असे, कुणाच्या मुलीचा जन्म सात तारखेचा असे. मी सगळ्यांना एकच सांगायचो, "क्रमानं येईल तो तुमचा."

पाटीचेही नियम होते. खाजगी गाडीला काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, भाड्याच्या गाडीला त्याच्या उलट. अक्षरांची उंची, जाडी, दोन अक्षरांमधली जागा, सगळं ठरलेलं. अक्षरं इंग्रजी, आकडेही इंग्रजी. त्याखेरीज पाटीवर काही म्हणजे काही लिहायचं नाही, मग ते देवाचं नाव असो की आईचं. हे मी दिवसातून दहादा बोलायचो आणि ते बोलताना मला बरंही वाटायचं. विशीतल्या माणसाला आपल्याला नियम माहीत आहेत याचाच अभिमान असतो.

एका रविवारी गावी गेलो होतो. जेवताना सहज बोलून गेलो, की जुनी मालिका संपली, आता नवी अक्षरं आली, पुन्हा एकपासून सुरू. वडिलांचा हात ताटात थांबला.

"म्हंजे आता तीनशे सतरा येनार?"

"येईल की. सगळेच येतील."

"कदी?"

"दीडदोन महिन्यांत. का?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मी ते विसरून गेलो. महिन्याभरानं पुन्हा गेलो तर गोठ्यात एका बाजूला पोत्याखाली झाकलेली नवी कोरी मोटारसायकल उभी. दुकानदाराकडून तात्पुरता नंबर घेऊन, गावातल्या एका ओळखीच्या माणसाला चालवायला लावून त्यांनी ती घरी आणली होती. गाडी घ्यायचं त्यांच्या मनात बरेच दिवस होतं, कारण नवं रान गावापासून लांब आणि वैरण, बी-बियाणं सगळं डोक्यावरून न्यावं लागे. पण आताच का घेतली ते मला पोतं उचलतानाच कळलं.

"तो नंबर मला पायजे," ते म्हणाले. "तू हायेस तिथं. जमंल का?"

"दादा, तसं मागून मिळत नाही."

"मागत न्हाई मी. क्रमानं येतो म्हनतोस ना? मग क्रम आला की मला उबं कर. येवडंच."

आई बाजूला शेण काढत होती. ती म्हणाली, "तीन आठवडे झाले, गाडी दिवसभर अशीच हुबी असती. लोक इचारत्यात, म्हशीला सोबत आणली का."

वडील पन्नाशीचे. ओसाड माळावर रोज पहाटे ते गाडी शिकत होते. दोनदा पडले होते, कोपर सोललं होतं. तात्पुरता नंबर महिन्याभराचाच असतो, त्यातले आठ-नऊ दिवस उरले होते.

सोमवारी मी साहेबांना विचारलं. माझे वडील आहेत हे सांगितलं आणि जमिनीचंही सांगितलं. साहेब भला माणूस होता. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "राखून ठेवता येणार नाही. मी एकासाठी ठेवला तर उद्या रांग लागेल. पण त्यांचा क्रम आला आणि गाडी आवारात तपासून उभी असली, तर तो नंबर त्यांचाच आहे. त्यात मला काही करायचं नाही आणि तुलाही नाही."

मी रजिस्टर बघून रोजच्या गाड्यांचा अंदाज घेतला आणि कोल्हारकडे जाणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरकडे चिठ्ठी दिली : गुरुवारी सकाळी या.

गुरुवारी कचेरी उघडायच्या आत वडील फाटकापाशी उभे होते. एवढ्या लांबून एकटेच गाडी चालवत आले होते. अंगावर धुवट सदरा, भुवयांवर रस्त्याची धूळ. त्या वर्षी पाऊस झालेलाच नव्हता, फेब्रुवारीतच रस्त्याकडेची झाडं करडी पडली होती. मी त्यांना पाणी दिलं आणि हळूच सांगितलं, "काल तीनशे अकरावर थांबलोय. तुमच्या आधी पाच गाड्या जायला हव्यात."

इन्स्पेक्टरांनी त्यांची गाडी पहिलीच तपासली. कागद तयार झाला. मग वडील खिडकीपाशी कठड्याला टेकून उभे राहिले आणि येईल त्याला पुढे सोडू लागले. पहिला एक शिक्षक स्कूटर घेऊन आला. वडिलांना आधीपासून उभं बघून तो मागे थांबला.

"तुमी व्हा म्होरं, गुर्जी. मला घाई न्हाई."

"अहो, पण तुम्ही आधी आलात."

"असू द्या. माजं मागनं येतंय."

शिक्षकाला तीनशे बारा गेला. ट्रॅक्टरवाल्याला तीनशे तेरा. प्रत्येक वेळी वडील खिडकीतून माझ्या रजिस्टराकडे बघत आणि बोटांच्या पेरांवर मोजत. त्यांना इंग्रजी आकडे येत नव्हते, पण हा एक त्यांनी दुकानदाराकडून कागदावर लिहून घेतला होता आणि तो कागद खिशात होता. मला हसू येत होतं. खरं तर त्या सकाळी मला फार बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी वडिलांच्या काही उपयोगी पडणार होतो.

अकराच्या सुमाराला फाटकातून मोठ्या गाड्यांचा आवाज आला. एकापाठोपाठ एक सहा ट्रक आत आले. पाठीवर नव्या, अजून रंगाचा वास येणाऱ्या टाक्या. दुष्काळी गावांना पाणी न्यायला शासनानं घेतलेले टँकर होते ते. बरोबरचा माणूस पत्र घेऊन थेट साहेबांच्या खोलीत गेला. उद्या सकाळी गाड्या कर्जत, जामखेडकडे निघायच्या होत्या, नोंदणी आत्ताच्या आत्ता हवी होती.

साहेबांनी मला आत बोलावलं. "हे सहा आधी घे. सगळं बाजूला ठेव."

मी तिथंच उभा राहिलो. सहा. तीनशे चौदा ते तीनशे एकोणीस.

"साहेब, ते माझे वडील..."

त्यांना आठवलं. ते उठून बाहेर आले, वडिलांच्या समोर उभे राहिले. त्यांनी तसं करायची काही गरज नव्हती.

"काका, पाण्याच्या गाड्या आहेत. नंबराशिवाय रस्त्यावर सोडता येत नाहीत. तिकडं लोक डोळे लावून बसलेत."

"व्हय की," वडील म्हणाले. "पान्याचं आधी केलंच पायजे." मग म्हणाले, "साहेब, त्या सहांमधला एक आकडा तेवडा बाजूला ठिवता येईल का? त्यांना काय, कंचा बी चालंल."

"मला मान्य आहे. पण रजिस्टर वर तपासणीला जातं. सहा गाड्यांचा एकच अर्ज आणि मधला एक आकडा एका खाजगी गाडीला, तोही कारकुनाच्या वडिलांना, याचं मी काय उत्तर देऊ? तुमच्या मुलाची नोकरी अजून कायम नाही, काका."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "न्हाई न्हाई. पोराला काय नको व्हायला. लिवा तुमी."

मी टेबलावर येऊन बसलो. तीनशे चौदा लिहिला. पंधरा लिहिला. सोळा लिहिला. मग टाक दौतीत बुडवला आणि क्षणभर तसाच धरून ठेवला. आत साहेब पत्रावर काहीतरी लिहीत होते. ही ओळ सोडून मी खालच्या ओळीवर तीनशे अठरा लिहिला असता तर? त्या मिनिटाला कुणी पाहत नव्हतं. पण संध्याकाळी सही करताना साहेब पाहणारच होते. मला माझ्या खोलीचं भाडं, धाकट्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न, असं काहीबाही आठवलं. खरं तर यातलं काही नाही. मला नुसती भीती वाटली. मी चौथ्या टँकरपुढे तीनशे सतरा लिहिला, जरा जास्तच सावकाश.

खिडकीतून वडील बघत होते. त्यांनी खिशातला कागद काढून रजिस्टरातल्या आकड्याशी ताडून पाहिला. "त्योच हाय ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी कागद परत खिशात ठेवला.

त्यांना तीनशे वीस मिळाला. "आता कंचा बी दे," ते म्हणाले होते. गाडीला किक मारायच्या आधी त्यांनी माझी तब्येत विचारली, खाणावळीत पोळ्या कशा असतात ते विचारलं. बाजूला टँकर आवारातून निघायच्या तयारीत होते. चौथा कोणता ते त्यांनी मला विचारलं नाही, मीही दाखवला नाही.

पुढचं आठ-दहा आठवड्यांनी झालं. मी इन्स्पेक्टरांबरोबर रस्त्यावरच्या तपासणीला जात असे, दंडाच्या मेमोचं पुस्तक घेऊन. हे इन्स्पेक्टर नव्यानंच बदलून आलेले, कुणाला ओळखत नव्हते. आमची जीप मनमाड रस्त्यावर एका वडाच्या झाडाखाली उभी होती. दुपारची वेळ. लांबून एक मोटारसायकल हळूहळू येताना दिसली, मागे कडब्याची मोठी पेंढी बांधलेली. शिपायानं हात केला. गाडी थांबली तेव्हा मी पाहिलं, वडील होते.

मी पुढे होऊन बोलणार तेवढ्यात इन्स्पेक्टर पाटीपाशी वाकले.

"हे काय लिहिलंय?"

तीन इंग्रजी अक्षरं, ३२० हा इंग्रजी आकडा, सगळं मापात. आणि त्याच्या खाली बारीक, पिवळ्या रंगात, मराठीत : स. नं. ३१७. मला याची काही कल्पना नव्हती. त्या मधल्या दिवसांत मी गावी गेलोच नव्हतो. कामाचं निमित्त सांगत होतो, पण खरं म्हणजे मला जाववत नव्हतं.

"आमचा सरवे नंबर हाय, साहेब," वडील म्हणाले.

"कशाचा?"

"जमिनीचा. धरनात गेली."

इन्स्पेक्टर सरळ उभे राहिले. मग म्हणाले, "काका, पाटीवर गाडीच्या नंबराशिवाय काही लिहायचं नसतं. उद्या अपघात झाला, बघणाऱ्यानं कुठला नंबर सांगायचा? हा की तो?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. हेच मी रोज लोकांना सांगत होतो. ते माझ्याकडे वळले. "मेमो लिहा." मग वडिलांच्या फाटक्या चपलांकडे लक्ष गेलं म्हणून की काय, म्हणाले, "नाहीतर राहू द्या. इथंच खरवडून टाका. मग मेमो नको."

मी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी अनोळखी माणसाकडे बघावं तसं. मला कळलं की ते मला वाचवत आहेत. कारकुनाचा बापच नियम मोडतो असं नव्या साहेबांना कळू नये म्हणून. आता मी बोलायला हवं होतं. 'हे माझे वडील आहेत', एवढे चार शब्द. ते माझ्या तोंडून आले नाहीत.

मी जीपमधून जुनं पातं आणलं आणि पाटीपुढे उकिडवा बसलो. रंग चांगला वाळलेला होता, लवकर निघेना. गाडी हलत होती म्हणून वडिलांनी दोन्ही हातांनी ती घट्ट धरून ठेवली. पिवळ्या रंगाच्या कपच्या धुळीत पडत होत्या. सात सगळ्यात शेवटी निघाला.

"झालं का, साहेब?" वडिलांनी विचारलं. ते मला साहेब म्हणाले.

"झालं," मी म्हणालो.

ते गेले. जीप निघाल्यावर इन्स्पेक्टर म्हणाले, "बिचारा म्हातारा." मी "हो" म्हणालो.

पुढच्या रविवारी मी गावी गेलो. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. वडील मोटेची कातडी दुरुस्त करत होते. मी शेजारी बसलो, सुई ओवून दिली, दोरा धरला. त्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मलाही सुरुवात करता आली नाही. आईला त्यांनी काही सांगितलेलं दिसत नव्हतं. तिनं पाटीबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, "रंग टिकला न्हाई. ऊन लई हाय."

ऊन होतंच. मे महिन्यात धरणाचं पाणी इतकं खाली गेलं की बुडालेली रानं उघडी पडायला लागली. जुन्या गावची माणसं ठिकठिकाणाहून बघायला जात होती. वडील नगरला माझ्या खोलीवर आले आणि दारातूनच म्हणाले, "चल. वर आलंय म्हनं." मी रजा टाकली आणि त्यांच्या मागे गाडीवर बसलो.

काठावर गाडी लावून आम्ही खाली उतरलो. मी मनाशी काळं रान धरून गेलो होतो. समोर होता तो नुसता राखाडी गाळ, वाळून ताटाएवढ्या ढेकळांत फुटलेला, लांब उरलेल्या पाण्यापर्यंत एकसारखा. बांध नाहीत, झाडं नाहीत. आधीच तोडून नेलेल्या झाडांची काही खोडं काळी पडून उभी होती. आमच्यासारखी पाच-पन्नास माणसं डोळ्यांवर हात धरून इकडून तिकडे चालत होती. कुणी ओरडून सांगत होतं, "हितं मारुतीचं देऊळ!" तर दुसरा म्हणत होता, "आरं न्हाई, त्ये पलीकडं."

वडिलांना विहिरीची खूण हवी होती. एक विहीर सापडली, गाळानं काठोकाठ भरलेली, फक्त दगडांचं कडं दिसणारी. त्यांनी कड्यावर पाय ठेवला आणि तिथून पावलं मोजत उगवतीकडे गेले. थांबले. परत आले, पुन्हा दुसऱ्या दिशेनं मोजत गेले. तेवढ्यात खाली अजून एक कडं दिसलं. मग तिसरं. त्या काठाला सगळ्यांच्याच विहिरी होत्या आणि सगळ्या आता सारख्याच दिसत होत्या.

"ही आपली नसंल," ते म्हणाले. "आपल्या हिरीला पायऱ्या हुत्या."

"पायऱ्या गाळात असतील, दादा."

"व्हय. मग कंची बी असंल."

त्यांनी एक ढेकूळ उचललं, फोडलं, वास घेतला. पुन्हा दहा-वीस पावलं चालले. उन्हानं त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता. मी मागे मागे चालत होतो. मला त्या जागेतलं काहीच ओळखू येत नव्हतं. मी तिथं जन्मलो, वाढलो, आणि कुठल्या बाजूला बोट दाखवावं हे मला समजत नव्हतं. वडिलांना निदान आपण काय शोधतोय हे माहीत होतं.

दिवस कलायला लागल्यावर ते म्हणाले, "चल. तुजी आई वाट बघत आसंल."

घरी पोचलो तेव्हा आई अंगणात धान्य पाखडत बसली होती. तिला यायचं होतं, पण दुखऱ्या गुडघ्यांमुळे ती इतकी उतरण उतरू शकली नसती.

"घावलं का?" तिनं विचारलं.

"घावलं," वडील म्हणाले.

"आपलीच हीर?"

"आपलीच. पायऱ्या बी हायेत तशाच."

आईनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तू बी बघितलंस ना?"

वडील पाय धुवायला गेले होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती, पण पाणी घ्यायला खाली गेलेला तांब्या रांजणात तसाच थांबला होता.

"बघितलं," मी म्हणालो.

"बरं झालं," आई म्हणाली, आणि चहाला आधण ठेवायला उठली.